सौजन्याचे चार स

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने फलक लावला : ‘कर्मचारी नागरिकांशी सौजन्याने वागण्याचे प्रशिक्षण घेत आहेत, सबब नागरिकांनी आज येऊ नये.’ खाली ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असंही लिहिणार होतो. पण दिलगिरी व्यक्त करण्याचं सत्र दुपारनंतर होतं. न शिकलेली गोष्ट उगाच करून चुकायला नको, म्हणून सोडून दिलं.

आम्ही लोकांवर खेकसतो, अशी तक्रार वर गेली होती. ती काही खोटी नव्हती. दिवसभर खिडकीमागे बसून तेच ते ऐकलं की कुणाचंही डोकं फिरतं. पण नळाला पाणी का येत नाही याची चौकशी करण्यापेक्षा कर्मचारी गोड का बोलत नाहीत याची चौकशी मुख्यालयाला सोपी पडते. त्यांनी लगेच एक प्रशिक्षक धाडला आणि साहेबांपासून फिटरपर्यंत सगळ्यांना सभागृहात बसायचा हुकूम काढला.

फलक लावून वळतोय तोच काकू आल्या. काकू म्हणजे आमच्या खिडकीच्या जुन्या गिऱ्हाईक, आणि या वेळची त्यांची तक्रार ऐकून मलाच हसावं की रडावं कळेना. आमचे फिटर शेजारचा बेकायदा नळ तोडायला गेले आणि काकूंचा कायदेशीर नळ तोडून आले. शेजाऱ्याकडे धो धो पाणी, काकूंकडे टिपूस नाही. त्यात त्यांचे यजमान ऑपरेशन होऊन नुकतेच घरी आलेले, अंथरुणाला खिळलेले. त्यांना पुसायचं, कपडे-चादरी धुवायच्या, आणि पाणी शेजाऱ्याकडून मागून आणायचं. साहेबांची सही झाली तर फिटर आज नळ जोडणार. नाहीतर उद्यापासून ओळीने सुट्ट्या.

“फलक वाचता येत नाही का?” मी सवयीने खेकसलो. “आणा इकडे तो कागद. आणि इथेच बसा, कुठं जाऊ नका.”

अर्ज खिशात घालून मी सभागृहात गेलो. साहेब पहिल्याच रांगेत होते. त्यांच्यासमोर कागद धरला तर त्यांनी नुसतंच मंचाकडे बोट दाखवलं. प्रशिक्षक कुठल्याही क्षणी येतील, त्यांचा अहवाल थेट मुख्यालयात जातो, आणि प्रशिक्षणात दुसरं काम करणाऱ्याचं नाव त्यात येतं म्हणे. सहीला दोन क्षण लागले असते. प्रशिक्षकांची वाट बघण्यात आमची अख्खी सकाळ गेली.

शेवटी ते आले. उशीर झाला याबद्दल अवाक्षर नाही; उलट आमच्यातला एक जण जांभई देत होता, त्याला उभं करून ‘दुसऱ्याच्या वेळेचा आदर’ या विषयावर बोलायला लावलं. कॉलरला चिमुकला माईक, चेहऱ्यावर कायमचं हसू. सौजन्य म्हणजे चार स, ते म्हणाले : स्मित, सहवेदना, स्तुती आणि समारोप. नागरिक आला की हसायचं. त्याचं दुःख आपल्याला समजतंय असं सांगायचं. तो तक्रार घेऊन आला म्हणून त्याचं कौतुक करायचं. आणि मग त्याला प्रेमाने दारापर्यंत पोचवायचं.

या माणसाची एक गंमत होती. मनातलं बोलायचं झालं की तो माईकवर पंजा ठेवायचा. पंजा ठेवला की आवाज बंद होतो, अशी त्याची ठाम समजूत. प्रत्यक्षात सगळं आम्हाला भिंतीवरच्या कर्ण्यातून ऐकू येत होतं, थोडं घोगरं इतकंच.

“नागरिक हा आपल्या घरचा पाहुणा आहे,” ते सांगत होते, इतक्यात दारातून काकू डोकावल्या. पंजा माईकवर गेला. “ए, झोपलास का? कोण आहे ती बाई? हाकल तिला.” हे त्यांच्या सहायकाला. सहायक त्यांच्या वडिलांच्या वयाचा. तो बिचारा मुकाट्याने उठला आणि काकूंना बाहेर बसवून आला. पंजा खाली आला, हसू वर आलं, पाहुणचाराचा मुद्दा पुढे सुरू झाला.

‘समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्या’ हा धडा चालू असताना त्यांचा फोन वाजला. आमचे फोन टोपलीत जमा होते, त्यांचा खिशात. पंजा. “आई, कामात असताना फोन करायचा नाही म्हणून किती वेळा सांगायचं? काय? नंतर. ठेव.” आमच्यातल्या काहींनी माना खाली घातल्या. साहेब मात्र टिपण घेत होते.

जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा कागद घेऊन साहेबांकडे गेलो, तर ते प्रशिक्षकांना वाढत होते. मग धीर करून मी प्रशिक्षकांनाच विचारलं, सर, या चार स मध्ये नागरिकाचं काम कुठं बसतं?

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “काम हा तांत्रिक विषय आहे,” ते म्हणाले. “त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं.”

दुपारी प्रात्यक्षिक. चिडलेला नागरिक व्हायला कुणीतरी हवं होतं. आमच्यातल्या दोघांनी होऊन बघितलं, पण लोकांना चिडवायची सवय असलेल्यांना चिडायला जमेना. प्रशिक्षकांची नजर दाराकडे गेली. काकू अजून तिथेच बसलेल्या. “त्यांनाच बोलवा,” ते म्हणाले, आणि काकूंना मानाने मंचावर आणून खुर्ची दिली.

काकूंना वाटलं, अखेर आपली दखल घेतली. त्यांनी सगळं सांगितलं. तुटलेला नळ, शेजाऱ्याच्या दारात वाजवलेली कडी, पाण्यावाचून पडलेल्या चादरी. सांगता सांगता त्यांना रडू फुटलं. प्रशिक्षक पुढे झुकले, डोळ्यांत डोळे घातले. मला तुमची वेदना समजते, म्हणाले. तुमच्यासारख्या जागरूक नागरिकांमुळेच कार्यालयं सुधारतात, म्हणाले. मग हाताला धरून त्यांना दारापर्यंत पोचवलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. साहेबांनी डोळे पुसले.

काकू दारात थांबल्या. “आणि पाणी?”

पंजा माईकवर गेला. “प्रात्यक्षिक संपलं, बाई. किती ताणणार?” कर्णा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

मागून कुणी तरी पुन्हा टाळ्या वाजवल्या. सहायकाने काकूंना उत्कृष्ट सहभागाबद्दल एक गुलाबाचं फूल दिलं. मग आम्हाला प्रमाणपत्रं वाटली गेली, आणि ती छातीशी धरून फिटर सुट्टीच्या आनंदात घरी गेले. साहेबांनी निघता निघता काकूंना पाहिलं. हसले. वेदना समजल्याचं सांगितलं. कौतुक केलं आणि फाटकापर्यंत सोबत केली. शिकलेलं इतक्या लवकर अंगी बाणवणारा अधिकारी मी पाहिला नव्हता.

काकू तिथून फिरून माझ्या खिडकीशी आल्या. एका हातात फूल, दुसरा हात रिकामा, कारण अर्ज माझ्या खिशात होता. “अरे, आता मी काय करू? ते एकटेच पडलेत घरी.”

मी हसलो. पुढे झुकलो. डोळ्यांत डोळे घातले. “काकू, मला तुमची वेदना समजते,” मी म्हणालो, आणि अर्ज अदबीने त्यांच्या हातात परत दिला.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “सकाळी माझ्यावर खेकसलास,” त्या म्हणाल्या, “पण कागद घेऊन आत तरी गेला होतास रे.”

फूल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून त्या निघून गेल्या. त्यांना दारापर्यंत पोचवायचं राहिलं, तेवढा एक गुण माझा गेला असणार.

तुम्ही मात्र कमाल केलीत. अख्खी हकिकत मध्ये न बोलता ऐकलीत. जागोजागी हसलात. काकूंसाठी तुमचा जीव कळवळला. बाई मोठी सोशिक हो, असंही मनात म्हणालात. आता पान उलटलंत की काकू दाराबाहेर. चारही स तुम्हाला न शिकवता येतात. तुमचं प्रमाणपत्र खिडकीवर ठेवलंय, फुलाशेजारी. सुट्ट्या संपल्या की घेऊन जा.