पांढरं कशाला म्हणायचं

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सासऱ्यांच्या घराचा एक फोटो काढावा, एवढंच मी ठरवलं होतं. शहाण्या जावयानं अशा वेळी स्वयंपाकघरात बसून खसखस वाटावी, हेरिंग माशाचे काटे काढावेत, बायकोच्या नजरेसमोर राहावं. पण मी नुकताच कॅमेरा घेतला होता आणि त्याचं माहितीपुस्तक दोनदा वाचलं होतं (दुसऱ्यांदा ते समजलं, असा माझा समज होता).

माझे सासरे पोविलास यांचं घर जंगलाच्या कडेला आहे; लाकडी आणि लांबट. डाव्या अर्ध्या भागात ते राहतात, उजव्यात त्यांचा मुलगा रोकास. गेल्या नाताळात रोकासनं आपल्या बाजूची पिवळ्या बल्बांची माळ उतरवली आणि निळसर झाक असलेली नवी, पांढरीफेक माळ लावली. जुन्या माळा माझ्या सासूबाईंनी, स्तासेंनी, हौसेनं आणलेल्या. सासूबाई आता नाहीत; सासऱ्यांच्या बाजूला मात्र त्यांची माळ अजून आहे. सासरे म्हणाले, "हा शवागारातला उजेड आहे." रोकास म्हणाला, "तुमचा उजेड धुरकटलाय." तेव्हापासून दोघांचा अबोला. बोलणं भागच पडलं तर मार्गिसमार्फत बोलतात. मार्गिस हा कुत्रा.

"मार्गिस, त्याला सांग, पायरीवरचा बर्फ त्याच्या बाजूचा आहे."

"मार्गिस, त्यांना सांग, बर्फ बाजू बघून पडत नाही."

मार्गिस दोघांकडे बघून शेपटी हलवतो. इतकं निःपक्षपाती त्या घरात दुसरं कोणी नाही.

या संध्याकाळी पहिली चांदणी दिसेपर्यंत आम्ही काही खात नाही. ती दिसली की चर्चमधून आणलेली पातळ पांढरी पापडी सगळ्यांनी मिळून मोडायची. एकानं पुढे धरायची, दुसऱ्यानं तिचा तुकडा तोडायचा. हे काम कुत्र्यामार्फत होत नाही. माझ्या बायकोची, युर्गाची, सगळी आशा त्या एका पापडीवर होती. वर्षभर तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

"माळांबद्दल एक शब्द बोलायचा नाही," तिनं गाडीतच बजावलं. "कोणाची चांगली असं कुणी विचारलं, तर खोकायचं."

मी एक शब्दही बोललो नाही. कॅमेरा बोलला.

बाहेर अंधार पडू लागला होता आणि ताजा बर्फ पसरला होता. डावीकडे लोण्यासारखा, उजवीकडे साय काढलेल्या दुधासारखा. आता कॅमेऱ्याचं असं असतं, की पांढरं कशाला म्हणायचं हे त्याला आपण सांगावं लागतं. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. पिवळ्या बल्बांच्या हिशेबानं ठेवला, तर सासऱ्यांपुढचा बर्फ शुभ्र आणि रोकासच्या बाजूला शाई सांडलेली. नव्या माळेच्या हिशेबानं ठेवला, तर रोकासचा बर्फ शुभ्र आणि सासऱ्यांचा... मी दोन्ही फोटो काढले.

तेवढ्यात सासरे लाकडं न्यायला आले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिला फोटो होता.

"बघा जावईबापू, यंत्र खोटं बोलत नाही," ते खुशीत म्हणाले. "मार्गिस, त्याला बोलाव."

रोकास दारातच उभा होता. तो आला, फोटो बघितला आणि म्हणाला, "दाजी, आता पुढचा दाखवा."

(इथे मी खोकायला हवं होतं.)

मी पुढचा दाखवला. सासऱ्यांनी वाकून पडद्याजवळ डोळे नेले.

"हे स्तासेचे बल्ब?"

"नुसतं सेटिंग आहे हो ते, बाबा," मी म्हणालो.

"आयोडीन सांडल्यासारखं दिसतंय," ते हळूच म्हणाले आणि लाकडं न घेताच आत गेले. रोकासनं बुटांकडे बघितलं. मग लाकडं त्यानंच उचलली आणि तोही गेला.

आता तिसरा फोटो काढून दोघांनाही शुभ्र करणं मला भाग होतं. पुस्तकात लिहिलं होतं, एखादी पांढरी वस्तू त्या उजेडात ठेवा आणि तिच्यावर माप घ्या. मी घरभर शोधलं. टेबलक्लॉथवर ताटं मांडलेली, पडदे फुलाफुलांचे, कागद म्हणजे वर्तमानपत्र. अगदी निर्मळ पांढरी अशी एकच वस्तू त्या घरात होती. दोन मिनिटांत परत ठेवणार होतो.

मागच्या दारानं, ते उघडंच टाकून, बाहेर येऊन मी पापडी दोन्ही उजेडांच्या बरोबर मधोमध बर्फात उभी केली. कॅमेऱ्यातून बघितलं, तर ती डावीकडे पिवळी आणि उजवीकडे निळी (याबद्दल पुस्तक गप्प होतं). मी बटणं चाळवतोय तोवर मार्गिस कॅमेऱ्याच्या चौकटीत आला, थांबला आणि त्यानं पापडी खाल्ली. दोन्ही बाजू, सारख्याच आवडीनं.

"चांदणी दिसली," युर्गानं आतून हाक मारली.

सगळे टेबलाभोवती उभे राहिले. सासऱ्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता. रोकासनं केस विंचरले होते. मधल्या बशीत काही नव्हतं.

"पापडी कुठे गेली?" युर्गानं विचारलं.

मी खोकलो.

"कुठे गेली?"

"मार्गिसनं खाल्ली."

"टेबलावरून?"

"बर्फातून. मी जरा पांढऱ्याचं माप घेत होतो."

युर्गा खाली बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी एवढंच मागितलं होतं," ती म्हणाली, आणि मला कॅमेऱ्यासकट त्या बर्फात पुरून घ्यावंसं वाटलं.

"मार्गिस, त्याला विचार," सासऱ्यांनी सवयीनं सुरुवात केली आणि ते थांबले. मार्गिस टेबलाखाली जिभल्या चाटत होता. आरोपीलाच मध्यस्थ कसं करणार? त्यांनी मान वर केली आणि सरळ मुलाकडे बघितलं. "मागचं दार तू उघडं टाकलंस?"

"नाही बाबा. दाजींनी."

"मला वाटलंच."

"मलाही."

वर्षभरानंतरचं त्यांचं हे पहिलं संभाषण. विषय असा निघाला, की त्यावर दोघांचं पूर्ण एकमत होतं.

"जा, कॅमेरा आत आण," युर्गा डोळे पुसत मला म्हणाली. "नाहीतर मार्गिस तोही खाईल."

मी गेलो. कॅमेरा उचलताना खिडकीतून दिसलं, सासऱ्यांनी राय धान्याचा काळा पाव उचलला होता आणि रोकासपुढे धरला होता. रोकासनं तुकडा तोडला. मी घाईनं एकच फोटो काढला. बटणं चाळवताना बसलेलं भलतंच सेटिंग बदलायचं राहिलं, आणि दोघं निळेजांभळे आले.

नंतर सासऱ्यांनी तो पडद्यावर बघितला. "प्रेतं दिसतोय आपण."

"हो, पण दोघंही," रोकास म्हणाला.

त्या फोटोची प्रत त्यांनी मागून घेतली. आयोडीनवाला फोटो मी पुसून टाकला. पण तो बघताना सासऱ्यांचा झालेला चेहरा कुठल्या बटणानं पुसायचा, ते मला अजून सापडलेलं नाही.

त्या संध्याकाळी बूट काढून मी टेबलाशी आलो, तेव्हा पाव मोडून झाला होता. "माझा तुकडा?" मी युर्गाला विचारलं.

"मार्गिसला दिला," ती म्हणाली. "ज्यानं समेट घडवला, त्याचा मान आधी, असं बाबा म्हणाले. रोकासही लगेच हो म्हणाला."