जगाला वळसा

आमच्या प्रादेशिक विकास कार्यालयातील साठ खुर्च्या मोडकळीस आल्याची बाब रीतसर नोंदवण्यात आली. समोरच्याच गल्लीत माझे मामा वेताच्या खुर्च्या विणतात. भिजवलेल्या वेताचा वास आमच्या खिडकीतून आत येतो. त्यासाठी त्याला परवानगी लागत नाही, याचे मला मनातल्या मनात बरे वाटे.

"दोन पावलांवर तर आहे," मामा संचालकबाईंना म्हणाले. "महिन्यात देतो विणून."

"तिथंच तर अडचण आहे. नव्या धोरणानुसार प्रदेश जगाशी जोडायचाय. गल्लीतून आलेली खुर्ची धरायची कशात? ना निर्यात, ना आयात. तुम्ही परदेशी व्यापाऱ्याला विका, आम्ही त्याच्याकडून घेऊ."

"म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा!"

"जगाला वळसा, मामा. गावापुरता विचार करायचे दिवस गेले."

खुर्च्या समुद्रापार गेल्या आणि सात महिन्यांनी परतल्या. तोवर कर्मचारी उभ्याने काम करीत होते. अहवालात त्याला 'गतिमान प्रशासन' हे नाव मीच दिले. निर्यात वाढली, आयातही वाढली. कार्यालयाला पुरस्कार मिळाला, आणि इतर कार्यालयांनीही तीच वाट धरली.

मग व्यापाऱ्याचे पत्र आले: खुर्च्यांना दोनदा समुद्र ओलांडायला लावण्यापेक्षा विणणाऱ्याने एकदाच ओलांडणे किफायतशीर. मामांनी गल्लीतल्या गिऱ्हाइकांची वाट पाहिली. पण आता सगळ्यांनाच तिकडून आलेली खुर्ची हवी होती.

"न्यायचं तर न्या," मामी बाईंना म्हणाली, "पण यांना गुडघ्याला तेल लावायची आठवण करावी लागते, तेवढं तिकडं कळवा."

निघताना मामांनी मला बाजूला घेतले. "भाचेबुवा, तुमच्या धोरणात परत यायचं कलम आहे का रे?"

कलम होते, पण ते खुर्च्यांपुरते. मी पाने उलटत राहिलो. वर न बघण्यासाठी पाने फार उपयोगी पडतात.

त्या तिमाहीच्या तक्त्यात मी लिहिले: 'कुशल मनुष्यबळ, निर्यात: एक.'

परवा तुम्ही दाखल्यासाठी आला होतात. बसल्या बसल्या खुर्चीच्या विणीवरून हात फिरवत म्हणालात, "बाहेरचा माल तो बाहेरचाच! असं काम आपल्याकडं कुणाला जमतंय?"

मी पेन उघडले. तुमचे वाक्य तेवढे अभिप्रायवहीत उतरवून घेतले. पुढच्या धोरणाला जनतेचा आधार म्हणून ते एकच पुरले.