धाकट्या पातीची रयत

आमचे शेजारी गोविंदकाका माणसांना अरेतुरे करीत आणि कुत्र्यांना अहोजाहो. सकाळी मी शाळेत शिकवायला निघालो की ओट्यावरून आवाज येई, "काय रे मास्तर, आज उशीर?" आणि लगेच पायरीवरच्या लंगड्या कुत्र्याला, "रावसाहेब, जरा सरकता का?" रावसाहेब सरकत नसत. मीच भिंतीला चिकटून जात असे. त्यांनी माझा एक जोडा पळवला होता, तेव्हापासून आमचे संबंध बेताचेच होते.

काका दरबारात चोपदार होते. जन्मभर ललकाऱ्या दिल्या. पेन्शनीत निघाल्यावर ललकारायला कोणी उरलं नाही, म्हणून गल्लीतली कुत्री रावसाहेब, सुभेदार, दिवाणजी झाली आणि घरातली मांजर बाईसाहेब. दुपारी काका ओट्यावर उभे राहून खणखणीत आवाजात "मंडळी, पानं वाढलीत!" म्हणत, आणि सगळा दरबार भाकरीला हजर होई.

आता आमचं देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. राजे वेगळे, कारभारी वेगळे, कोतवालसुद्धा वेगळे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. परगावचे पाहुणे मात्र चक्रावून जात.

एक दिवस आमच्या बाजूला दवंडी पिटली. बेवारशी कुत्री मारायचा कायदा होणार. एका घराला एकच पट्टा मिळेल, बाकीची कुत्री दिसतील तिथे संपवायची, मांजरांचं काय ते मागाहून ठरेल. कोणाची हरकत असेल तर त्याने कारभाऱ्यांपुढे यावं.

जोड्याची आठवण येऊन मला बरंच वाटलं. पण त्या दिवशी काका जेवले नाहीत.

"रावसाहेबांना पट्टा बांधा की," मी म्हटलं.

"आणि सुभेदारांना काय सांगू रे? तुमची चाकरी संपली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी सगळी फौज काठीने हाकत रस्त्यापलीकडे, धाकट्या पातीत नेली. तिथल्या हलवायाने कढई सोडून धाव घेतली. "काकाजी, यो कई करी रिया हो?"

"भिया, आज से ये तुम्हारी पाती के हैं. संभालो!"

इथवर ठीक होतं. पण दुपार झाली, काका सवयीने ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, पानं वाढलीत!" फौज परत. रोज जेवणं उरकली की पोचवायची आणि दुसऱ्या दुपारी स्वतःच बोलवायची. शेवटी मी वैतागून म्हटलं, "काका, मुक्काम तिकडे आणि पंगत इकडे, हे जमायचं कसं?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग मांडीवर थाप मारून इतके हसले की बाईसाहेब घाबरून कौलांवर पळाल्या.

सुनावणीला काका जुनी लाल पगडी घालून आले. कचेरी दणाणेल असा आवाज लावला. "सरकार, ही कुत्री आपली नव्हेतच! धाकट्या पातीची रयत आहे. मुक्काम तिकडे, इकडे फक्त जेवायला येतात. पाहुण्यांना मारलं, तर तिकडच्या दरबाराला जबाब काय द्यायचा?"

कुत्री रात्री आपल्या भट्टीजवळ झोपतात हे सांगायला साक्षीला हलवाई होता. "सांची बात है सरकार. रात का म्हारी भट्टी कने सोवे."

कारभाऱ्यांनी कपाळ चोळलं. रस्त्यावरच्या दिव्यात तेल कोणी घालायचं यावरून दोन पातींचं नुकतंच वाजलं होतं. आता एकेका कुत्र्याची पाती ठरवत कोण बसणार? पलीकडे विचारणा झाली. पलीकडून उत्तर आलं की विचार करू. आमच्याकडे विचार करू म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. कायदा बासनात गेला, गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि खोटं कशाला बोलू, मीही टाकला.

संध्याकाळी काकांचं अभिनंदन करायला गेलो, तर ते पगडी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काका, अहो जिंकलात की!"

"तुझी काकी गेल्यापासून घरात दुसरं कोण आहे रे? ही येतात म्हणून मी चूल पेटवतो. एकट्यासाठी भाकऱ्या थापायला हात उचलत नाही."

 घरी येऊन आईला म्हटलं, आज काकांचं पान आपल्याकडे मांड. काका नको नको म्हणत होते, पण हाताला धरून आणलं. पाटावर बसले. आईने गरम भाकरी वाढली, तूप वाढलं. काकांनी घास मोडला आणि तो तसाच हातात धरून दाराकडे बघत राहिले.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "बाहेर मंडळी खोळंबली असतील रे."

आईच्या तोंडाकडे न बघता मी उठलो आणि दार उघडलं.