करवंटी सुखरूप आहे

एका जंगलात दर पावसाळ्यात पूर यायचा आणि दर पावसाळ्यात सरकारला त्याचं आश्चर्य वाटायचं. बाळांनो, तुम्हाला नाही वाटत? मग तुम्ही सरकारात शोभणार नाही.

शेवटी सिंहमहाराजांनी नदीकाठच्या प्राण्यांचा विमा उतरवायचं ठरवलं. पलीकडच्या तळ्यावरचे बगळे हा धंदा करत. हप्ता शंभर टोपल्या मासे. हप्ता सरकार भरणार, म्हणजे मासे नदीकाठच्या प्राण्यांनी पकडायचे.

अट एकच होती. महाराजांच्या गुहेसमोर उघड्यावर एक करवंटी ठेवायची. ती पावसाने काठोकाठ भरली, की पूर आला असं धरायचं. मग बगळे घुशी लावून प्रत्येकाला टेकडीवर नवं बीळ खणून देणार.

नदीच्या अगदी काठावर साळूबाई साळिंदर राहायची. तिला चार पिल्लं. ती स्वतः मासे खात नव्हती, तरी सगळ्यात जास्त मासे तिनेच पकडले.

करवंटीची जबाबदारी जोखीम अधिकारी सबूरराव कासवांकडे आली आणि त्यांची झोप उडाली. करवंटी सरकारी! माकडाने पळवली तर? त्यांच्या आधीच्या कासवाकडून एक सरकारी मडकं फुटलं होतं. त्याची चौकशी चालू असतानाच ते कासव म्हातारपणाने वारलं. कासवाला म्हातारं व्हायला किती वर्षं लागतात, त्याचा तुम्हीच विचार करा.

सबूररावांनी जोखीम घेतली नाही. करवंटी गवतात गुंडाळून गुहेत आत ठेवली. शिवाय तिचा वेगळा विमा उतरवला.

मग चार दिवस पाऊस कोसळला. साळूबाईचं बीळ वाहून गेलं. दोन पिल्लं गेली. उरलेली दोन पाठीशी घेऊन ती दरबारात आली.

"म्हाराज, टेकडीवरचं बीळ द्या. ही दोगं वल्ल्यात निजत्यात, रातभर खोकत्यात."

बगळ्याने करवंटी मागवली. आत चोच घालून पाहिली.

"कोरडी आहे. पूर आलेला नाही."

"आन् तुमी गुडघाभर कशात उभे हायसा?"

"हे नुसतं पाणी. पूर करवंटीत येतो."

महाराजांनी करवंटी उलटसुलट करून पाहिली. एक टवकाही उडाला नव्हता. एवढ्या पाण्यात सरकारचं काडीचंही नुकसान झालं नाही, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे सबूररावांचा सत्कार केला.

टाळ्या थांबेपर्यंत साळूबाई उभी राहिली. मग म्हणाली, "म्हाराज, माजी ही दोन पिल्लं सरकारजमा करून घ्या. म्हंजे तरी कुनी गवतात गुंडाळून आत ठेवंल."

महाराजांना क्षणभर वाईट वाटलं.

सबूरराव लगबगीने त्यांच्या कानाशी लागले. "नको, महाराज. पिल्लं सरकारी झाली आणि मेली, तर चौकशी लागेल."

तात्पर्य : विमा अशाच वस्तूचा उतरवावा, जिला धक्का लागणार नाही. ज्यांना धक्का लागणारच आहे, त्यांनी मासे पकडावेत.