तुम्ही तुम्हीच कशावरून?

बागूलसाहेब आमच्या सातपूरच्या कारखान्यात तोंडावर रुमाल धरून फोन करायचे. माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि घोगरा आवाज यायचा, "मैं हेड ऑफिस से बोल रहा हूँ. आपका पासवर्ड बताइए." बोलणारा माणूस समोरच्या काचेच्या केबिनमध्ये, रुमालासकट दिसत असायचा.

नव्वदच्या दशकात कारखान्यात कॉम्प्युटर आले. साहेबांना त्यांचं प्रमुख केलं आणि आमच्या सुखाला दृष्ट लागली. दर महिन्याला नवा पासवर्ड, त्यात आकडा हवाच; नसला तर यंत्र घ्यायचंच नाही. बाकीचे लोक व्हायरसला घाबरायचे. साहेब म्हणायचे, "चोर कुलूप तोडत नाही हो. तो गोड बोलतो आणि तुम्हीच त्याला किल्ली देता!"

अशा फोनवर जो पासवर्ड सांगेल त्याला केबिनमध्ये चहा आणि तासभर बोलणी. मी खरेदी विभागात. महिनाअखेरीला इतका दमलेला असायचो, की कुणी घराची किल्ली मागितली तरी दिली असती. चार वेळा सापडलो. चिडले की साहेब सटाण्याकडच्या आपल्या बोलीवर येऊन 'हे काय आहे' असं विचारायचे, "हाई काय शे?"

खुद्द मालक एकदा पासवर्ड विसरले. त्यांनी फोन केला तर साहेबांनी विचारलं, "तुम्ही तुम्हीच कशावरून?" मालकांनी कारखान्यातल्या पहिल्या लेथ मशीनचा रंग सांगितला, तेव्हा कुठे काम झालं.

निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असतानाच त्यांनी स्वतःचं खातं बंद करायला लावलं आणि ओळखपत्र जमा केलं. वर्षाच्या आत वहिनी गेल्या. मुलगा बंगळूरला. मग दर मंगळवारी दुपारी पुन्हा तो घोगरा आवाज यायला लागला.

मी पासवर्ड देत नसे. "शाब्बास!" म्हणायचे. मग रुमाल बाजूला ठेवून, "कॅन्टीनचा चहा अजून तसाच का?" फोन काही ठेवायचे नाहीत. खरं सांगतो, मला कंटाळा यायचा. समोर फायलींचा ढीग असायचा.

एका मंगळवारी मात्र ते एकदम म्हणाले, "सकाळपासून कुणाशी बोललोच नाही हो." आणि लगेच घाईघाईनं, "पासवर्ड बताइए."

मी म्हणालो, "मिसळपाव."

पलीकडून, "हाई काय शे! थांबा तिथंच, येतो मी!"

पाऊण तासानं गेटवरून बोलावणं आलं. पाळी सुटत होती. त्या गर्दीत साहेब इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. गेटवर नवा रखवालदार. साहेबांकडे ओळखपत्र नव्हतं.

"हे म्हणत्यात मी बागूल," रखवालदार मला म्हणाला. "म्या इचारलं, कशावरून? तर गप उभे हायेत. वळखता का तुमी?"

"ओळखतो. आमचेच आहेत."

"नुसतं कुणी सांगितलं म्हणून आत..." साहेब रखवालदाराला झापायला गेले, पण वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी मुकाट्यानं वहीत सही केली.

आत चालताना मी म्हणालो, "साहेब, पासवर्ड खोटा होता."

"त्यात आकडा कुठं होता?" रुमालानं डोळे टिपत ते म्हणाले. "फोनवरच कळलं होतं मला."

आणि ते कॅन्टीनकडे वळले.