राग निवेपर्यंत बाहेर

साईराजने बापाचा मोबाइल धुतला. तोही भांड्यांच्या साबणाने, घासून घासून. त्याचा बाप पोपट खोपोलीच्या एका कारखान्यात मशीनवर होता आणि त्याच्या मोबाइलला कायम ग्रीसचा वास यायचा. बाबाला बरं वाटेल म्हणून पोराने मोबाइल चकाचक केला आणि कव्हराला दोन चिमटे लावून अंगणातल्या दोरीवर वाळत टाकला. सुट्टीची झोप काढून पोपट अंगणात आला, तेव्हा मोबाइल त्याच्या बनियनशेजारी टपटप ठिबकत होता.

"बाबा, बघ! नवा झाला!"

पोपटचा हात वर गेला आणि वरच राहिला.

त्याचं असं झालं होतं. अंगणवाडीच्या हर्षलाताईंनी मागे देवळात सगळ्या बापांना बसवून सांगितलं होतं, "पोरांवर हात टाकायचा नाही. राग आला तर हात खिशात घाला, घराबाहेर पडा आणि राग निवेपर्यंत आत येऊ नका." बाकीच्या बापांनी चहा पिऊन माना डोलावल्या. पोपटने मात्र मनावर घेतलं. कारण तो कामावरून आला, की साईराज आजीच्या मागे लपायचा. दमून भागून घरी यावं आणि आपलंच लेकरू आपल्याला बघून दडून बसावं, याच्यासारखं दुसरं वाईट काही नाही हो. पोराने एकदा तरी आपण होऊन जवळ यावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून त्याने हात खाली घेतला, खिशात कोंबला आणि चालू लागला. पायात चपला सरकवायचंसुद्धा भान राहिलं नाही.

राग देवळापाशी निवला नाही. विहिरीपाशीही निवला नाही. दहिवलीच्या पुढे रस्त्याला लागला, तरी बेटा तसाच धुमसत होता. तेवढ्यात मकसूदचा टेंपो शेजारी येऊन थांबला. हा मकसूद खोपोलीचा, भाजी विकायला इकडे यायचा, आता रिकाम्या क्रेट घेऊन परत चालला होता.

"काय पोपटभाऊ, अनवाणी कुठं?"

"राग आलाय. निववतोय."

"मग बसा की मागं. वारा लागंल."

पोपट मागे क्रेटांच्या मधे बसला. वारा खरंच लागला. आणि पळसदरीच्या आसपास त्याच्या डोळ्यांसमोर ते दोन चिमटे आले. एक नाही, दोन! पडू नये म्हणून! त्याला एकदम हसूच फुटलं. राग कुठल्या कुठे गेला. त्याने टेंपोच्या पत्र्यावर थापा मारल्या, "मकसूदभाय, थांबव रं, निवला!" पण पुढे गाणी मोठ्याने लागली होती. मकसूदला वाटलं, भाऊ ठेका धरतोय. त्याने आवाज आणखी वाढवला आणि टेंपो थेट खोपोलीच्या शिळफाट्याला नेऊन उभा केला.

"घरी फोन तरी लावू," पोपट म्हणाला. पण एकही नंबर पाठ नव्हता, सगळे त्या धुतलेल्या मोबाइलमध्ये. मकसूदकडे पोपटच्या घरातला एकच नंबर होता, खुद्द पोपटचा. बिचाऱ्याने तो लावूनही बघितला. शेवटी क्रेट उतरवून झाल्या, की आपणच परत सोडतो, असं तो म्हणाला.

इकडे घरी वेगळंच रामायण सुरू झालं होतं. शेजारचा सखा धावत आला. "चंद्राकाकी, तुमचा पोपट टेंपोत बसून खोपोलीकडं गेला! अनवाणी! मी एवढ्या हाका मारल्या, पण खिशातला हात काय काढला नाय."

"अगं बाई! माझ्या लेकानं घर सोडलं गं!" चंद्राबाईंनी अंगणातच बसकण मारली. सुप्रियाने सवयीने नवऱ्याला फोन लावला, मग दोरीकडे बघून कपाळावर हात मारून घेतला. आळी गोळा झाली. कुणीतरी हर्षलाताईंना बोलावून आणलं.

"तुमीच सांगितलं ना त्याला बाहेर जायला?" चंद्राबाई कडाडल्या.

"अहो मावशी, मी घराबाहेर सांगितलं होतं. तालुक्याबाहेर नाही!"

या सगळ्या गलक्यात साईराज पायरीवर बसून होता. तो रडत नव्हता, नुसता रस्त्याकडे बघत होता.

दिवेलागणीला मकसूदचा टेंपो वळणावर दिसला आणि पोपट उडी मारून उतरला. चंद्राबाई तीरासारख्या पुढे गेल्या. "कुठं गेलता रं, मुडद्या? आईचा जीव घेतोस काय?" म्हणत त्यांनी त्या बाप्याला, सगळ्या आळीदेखत, पाठीत असा धपाटा घातला की मकसूदसुद्धा दोन पावलं मागे सरला. त्यांनी दुसऱ्यासाठी हात उचलला.

तेवढ्यात साईराज मध्ये घुसला. त्याने दोन्ही हातांनी बापाच्या कमरेला मिठी मारली.

"बाबाला मारू नको, आजी!" आणि मग मान वर करून बापाला म्हणाला, "बाबा, तू मला मारलंस तरी चालंल. पण असा जाऊ नको."

 ज्या मिठीसाठी पोपटने एवढी तंगडतोड केली ती मिळाली, पण काय ऐकून मिळाली! तो तिथेच मातीत बसला आणि पोराला पोटाशी धरून ढसाढसा रडला. "नाय मारणार रं. आन् न सांगता जाणार पण नाय. राग आला तर तुला घेऊनच जाईन."

"मग मी काय करू?" चंद्राबाईंचा हात अजून हवेतच होता. "माझा राग हाय तसाच हाय!"

साईराजने नाक पुसलं आणि आजीचा हात धरला. "चल. आपण देवळापर्यंत जाऊन येऊ. बाबा, तू पण चल."

आजी, नातू आणि बाप निघाले. सुप्रिया इतका वेळ दाराला टेकून उभी होती. आत तव्यावरची भाकरी कधीच कोळसा झाली होती. तिच्या रागाची चौकशी दिवसभरात कुणीच केली नव्हती.

"अवो, चपला घाला आधी," तिने चपला पुढे सरकवल्या. "आन् सावकाश या. माझा राग निवायला घर रिकामं लागतं."

आणि तिने आतून कडी लावली.