पायातला चहा

सप्ताहातलं काल्याचं कीर्तन नव्या सभामंडपाच्या जोत्यावरच होईल, असा शब्द हौशीराम मिस्त्री बुवांना देऊन बसला होता. कीर्तनात पखवाजही तोच वाजवायचा. शब्द चुकला तर बुवांसमोर उभं राहायचं कुठल्या तोंडानं? आणि दिवस उरले होते बावीस.

म्हणून त्याने ओतूरच्या इंजिनिअर कल्याणीला तळेघरजवळच्या आपल्या गावी बोलावलं. तिच्या लॅपटॉपवर म्हणे पाया आधीच बांधून बघता येई, तोही हजार वेळा. तिने दिवसभर घड्याळ लावून खड्डे, सळई, काँक्रीट, सगळ्याची वेळ टिपली. संध्याकाळी यंत्राने उत्तर दिलं: एकेचाळीस दिवस.

हौशीराम वाळूच्या ढिगावर टेकला. "मॅडम, हजारातनं एकदा तरी येळंवर झालं आसंल की."

"एकदाही नाही, मामा."

टिपणं पुन्हा वाचताना घोळ सापडला. पाहुणी आली म्हणून अकरा घरांनी चहा धाडला होता, आणि पाहुणीला एकटीला चहा पाजणं गावच्या रीतीत बसत नव्हतं. दर किटलीला सगळे गडी फावडी टेकवून तिच्याभोवती बसले, घरदार विचारलं, लग्नाचंही विचारलं. यंत्राने ते सारं पायाच्या कामात धरलं होतं.

हौशीरामने फर्मान काढलं, जोतं होईस्तोवर चहा बंद. दुसऱ्या दिवशी गडी तोंडं पाडून खणू लागले. दिवस कलला तरी एक खड्डा धड होईना. कल्याणीने त्याही वेळा भरल्या. शेहेचाळीस दिवस.

तेव्हा हौशीरामची बायको साळुबाई किटली घेऊनच कामावर आली. "आवं, टाळाबिगर भजन उभं ऱ्हातं का? गड्यांच्या दोन येळच्या च्यानं कंदी काम अडलं व्हतं? पावणी आली तवाच दोनाचं अकरा झालं."

कल्याणीने दोन चहा धरले, पाहुणी वगळली आणि पुन्हा यंत्र चालवलं. मग लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

"एकोणीस दिवस, मामा. पण इथला एक अडथळा हलवावा लागेल."

"कंचा ते दावा. आत्ता जेसीबी सांगतो."

"मीच आहे तो," ती म्हणाली आणि ओतूरला परतायला घोडेगावची एसटी धरली. पुढची चौकशी तिने फोनवरच केली.

जोतं एक दिवस राखून झालं. काल्याला कल्याणी आवर्जून आली. हौशीरामने पखवाजाला कणीक लावली, टाळकरी उभे राहिले, बुवांनी चिपळ्या उचलल्या, आणि तेवढ्यात साळुबाईला गर्दीत ती दिसली.

"थांबा वो बुवा. पावणी आलीया."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि कपबशीसाठी सगळ्यांच्या आधी हात पुढे केला.